पुलाखाली मिटणारा टप

नागपूरच्या सायकलरिक्षाचा टप ही माझ्या मते आपल्याकडची एक दुर्लक्षित यंत्ररचना आहे. ऊन चढलं की रिक्षावाला तो एका हाताने वर ओढायचा आणि सावली आली की मागे लोटायचा. कमानी, त्यांवर ताणलेलं रेक्झिन आणि बाजूला कोपरासारखा मुडपणारा लोखंडी दांडा, एवढाच त्याचा पसारा. दांडा सरळ रेषेच्या किंचित पुढे ढकलला की टप आपोआप अडकतो आणि खड्ड्यांतही हलत नाही. बग्गी-टांग्यांकडून आलेली ही युक्ती छोट्या होडीवर बसवली, तर बुटक्या पुलाखालून जाण्याचा प्रश्न सुटतो.

प्रश्न साधा वाटतो, पण आहे पेचाचा. उन्हापावसासाठी होडीला छत हवं आणि पुलाशी आलं की तेच छत आडवं येतं. त्यात पूल जागचा हलत नाही, पाणी मात्र चढतं. उन्हाळ्यात मोकळी वाटणारी कमान भरल्या पाण्यात डोक्याला लागते.

या पेचाशी इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्याने शतकानुशतकं झुंज दिली. तिथल्या 'ब्रॉड्स' या उथळ जलाशयांना लोक निसर्गनिर्मित समजत. ते मध्ययुगात पीट ही जळाऊ माती खणून झालेले आणि पुढे पाण्याखाली गेलेले खड्डे आहेत, हे १९५०च्या दशकात जॉइस लॅम्बर्ट यांच्या संशोधनाने दाखवून दिलं. तिथे थर्न नदीवर पॉटर हायगमचा मध्ययुगीन दगडी पूल आहे. त्याची कमान इतकी बुटकी, की भाड्याच्या सहलीच्या बोटी तिथला जाणता वाटाड्याच पार करून देई. पूर्वी तिथल्या नद्यांवर काळ्या शिडाच्या 'व्हेरी' नावाच्या मालवाहू नावा चालत. त्यांच्या डोलकाठीच्या बुडाशी शिशाचं जड वजन असे. त्यामुळे एवढी उंच काठी दोघांच्या बळाने आडवी होई, नाव पुलाखालून निघे आणि पलीकडे काठी पुन्हा उभी राही. १८९८ साली बांधलेली 'अल्बियन' ही व्हेरी अजून तरंगते आहे. १९४९मध्ये स्थापन झालेल्या नॉरफक व्हेरी ट्रस्टने ती सांभाळली आहे. शिडं गेली, इंजिनं आली, तेव्हा तिथल्या बोटींनी काठीऐवजी छत आणि पुढची काच खाली घ्यायला सुरुवात केली.

आता टपाची जोडणी. मुख्य कमान होडीच्या दोन्ही काठांवर बिजागरीने बसते आणि दुसरी कमान तिच्याच बाहूवर. वर कापड, पुढे-मागे ताणाचे पट्टे. पुढचे पट्टे सोडले की सगळं मागे निजतं. खरी कसोटी बिजागरीच्या जागेची असते. ती फार मागे गेली, तर मिटलेल्या कमानी इंजिनावर आदळतात. कोपराचा दांडा वापरायचा तर बोटं चिमटणार नाहीत अशी त्याची जागा हवी. खिळी न गंजणाऱ्या पोलादाच्या हव्यात, कारण पावसाळ्यात साधं लोखंड जाम होतं आणि ऐन पुलाखाली टप अडकतो. म्हणूनच टप पुलाच्या बराच आधी मिटावा. माणसांनीही तेव्हाच खाली बसावं. पत्र्याचं छत मात्र टाळावंच. उंचावरच्या वजनाने छोटी होडी डुलते आणि वाऱ्यात कलंडू शकते. कापडी टप हलका असतो आणि वादळ दिसलं की पाडता येतो.

आपल्याकडे याचा उपयोग कुठे? वैनगंगेवर. गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे पसरलं आहे आणि त्यावर ढिवर बांधव मासेमारी करतात. आंभोऱ्याला २०२४मध्ये खुला झालेला केबलचा पूल उंच आहे, तिथे अडचण नाही. पण फुगवट्यात येणाऱ्या नाल्या-ओढ्यांवरचे लहान पूल तेवढे उंच नसतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा उघड्या डोंग्यात दिवस काढणाऱ्या माणसाला सावली मिळालीच पाहिजे. आणि मिटणारी सावली त्याला पुलाखालूनही नेता येईल.

टप बनवणारे हात नागपुरात होते. ई-रिक्षांचं छत पक्कं असतं, त्यामुळे सायकलरिक्षांबरोबर हे कामही आटत चाललं आहे. मत्स्यव्यवसाय संस्थांनी आणि शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी या जुन्या कारागिरांना शोधावं, त्यांना मजुरी देऊन एक डोंगा सजवून घ्यावा आणि तो गोसीखुर्दच्या पाण्यात उतरवून पाहावा.