काल्पनिक बेसबॉल मालिका

काल्पनिक बेसबॉल मालिका म्हणजे वेगवेगळ्या काळांत होऊन गेल्यामुळे एकमेकांविरुद्ध कधीही खेळू न शकलेल्या बेसबॉल संघांमध्ये, त्यांच्या प्रत्यक्ष आकडेवारीच्या आधारे, फासे, कार्डे किंवा संगणक वापरून खेळवली जाणारी सामन्यांची मालिका होय. अमेरिकेच्या अजिंक्यपद मालिकेप्रमाणे, म्हणजे वर्ल्ड सिरीजप्रमाणे, ती बहुधा सात सामन्यांची असते आणि चार सामने प्रथम जिंकणारा संघ विजयी ठरतो. न्यू यॉर्क यांकीज (१९२७ व १९९८) आणि सिनसिनाटी रेड्स (१९७५) हे अशा मालिकांसाठी वारंवार निवडले जाणारे संघ आहेत.

स्वरूप

बेसबॉलचा सामना हा चेंडू टाकणारा पिचर आणि फलंदाज यांच्यातील स्वतंत्र झुंजींचा बनलेला असतो. प्रत्येक झुंजीचा शेवट मोजक्या प्रकारांनी होतो: फलंदाज बाद होतो, फटका मारून एक, दोन किंवा तीन बेस गाठतो, होमरन करतो किंवा अचूक चेंडू न मिळाल्याने पहिल्या बेसवर चालत जातो. कोणत्या खेळाडूच्या बाबतीत यांपैकी काय किती वेळा घडले, याच्या सविस्तर नोंदी १८७६ मध्ये नॅशनल लीग स्थापन झाल्यापासून उपलब्ध आहेत. खेळाची ही सुटी रचना आणि नोंदींची दीर्घ परंपरा यांमुळे फुटबॉलसारख्या अखंड चालणाऱ्या खेळापेक्षा बेसबॉलचे सदृशीकरण करणे सोपे जाते.

इतिहास

विस्कॉन्सिन राज्यातील क्लिफर्ड व्हॅन बीक यांनी १९२५ मध्ये एकस्व घेतलेला आणि १९३० मध्ये विक्रीस आणलेला ‘नॅशनल पास्टाइम’ हा खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर आधारित आरंभीचा खेळ मानला जातो. १९४१ मध्ये माजी खेळाडू ईथन ॲलन यांचा फिरत्या काट्याचा ‘ऑल-स्टार बेसबॉल’ हा खेळ आला. १९५१ मध्ये जे. रिचर्ड साइट्झ यांनी पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथून ‘ॲपबा’, तर १९६१ मध्ये हॅल रिचमन यांनी न्यू यॉर्क राज्यातून ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा खेळ बाजारात आणला. जुन्या संघांची कार्डे उपलब्ध झाल्यावर निरनिराळ्या दशकांतील संघांना समोरासमोर आणणे कोणालाही घरबसल्या शक्य झाले.

आयबीएम कंपनीतील जॉन बर्जेसन यांनी १९६१ च्या सुमारास आयबीएम १६२० या संगणकासाठी बेसबॉल सामन्याची आज्ञावली लिहिली. कालखंड ओलांडणाऱ्या लढतींना व्यापक प्रसिद्धी मात्र मुष्टियुद्धामुळे मिळाली. १९६७ मध्ये निर्माते मरे वरोनर यांनी विविध काळांतील हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची संगणकीय स्पर्धा नभोवाणीवरून प्रसारित केली. तिचे विजेतेपद रॉकी मार्सियानो यांना मिळाले.

१९८१ च्या खेळाडूंच्या संपात ऑल-स्टार सामना लांबणीवर पडला, तेव्हा क्लीव्हलँडच्या मैदानावर स्ट्रॅट-ओ-मॅटिकचा सामना खेळवण्यात आला. २०२० मध्ये कोविड-१९ मुळे हंगाम जुलैअखेरपर्यंत सुरू होऊ शकला नाही. त्या काळातही सदृशीकृत सामने रोज प्रसिद्ध होत होते.

कार्यपद्धती

स्ट्रॅट-ओ-मॅटिकच्या मूळ पद्धतीत तीन फासे टाकले जातात. पहिल्या फाशावर १ ते ३ आल्यास फलंदाजाचे आणि ४ ते ६ आल्यास पिचरचे कार्ड पाहतात. उरलेल्या दोन फाशांच्या बेरजेवरून त्या कार्डातील निकाल वाचतात. दोन फाशांची बेरीज ३६ पैकी सहा प्रकारांनी ७ येते, पण २ किंवा १२ प्रत्येकी एकाच प्रकाराने येते. त्यामुळे नेहमी घडणारे निकाल मधल्या आकड्यांवर आणि विरळ घडणारे टोकाच्या आकड्यांवर मांडून खेळाडूची प्रत्यक्ष कामगिरी कार्डात उतरवता येते. संगणक हेच काम यादृच्छिक संख्यांच्या साहाय्याने करतो. एकच मालिका हजारो वेळा खेळवता येणे हा त्याचा मुख्य लाभ आहे.

कालखंडांचे समायोजन

निरनिराळ्या काळांतील आकडे जसेच्या तसे वापरल्यास निकाल फसवा ठरतो. बेसबॉलमधील फलंदाजी सरासरी म्हणजे यशस्वी फटक्यांचे फलंदाजीच्या अधिकृत संधींशी असलेले प्रमाण होय. १९३० मध्ये नॅशनल लीगमध्ये बिल टेरी यांची सरासरी ०.४०१ होती, तर १९६८ मध्ये अमेरिकन लीगमध्ये अव्वल ठरलेले कार्ल यास्त्रझेम्स्की यांची केवळ ०.३०१ होती. मात्र १९३० मध्ये संपूर्ण नॅशनल लीगचीच सरासरी ०.३०३ होती आणि १९६८ मध्ये अमेरिकन लीगची ०.२३०. आपापल्या लीगच्या तुलनेत टेरी १.३२ पट, तर यास्त्रझेम्स्की १.३१ पट सरस होते. म्हणजे शंभर सहस्रांशांचा फरक समायोजनानंतर जवळजवळ नाहीसा होतो. १९६८ मध्ये पिचरांचे वर्चस्व इतके वाढले होते की पुढील वर्षी त्यांच्या उंचवट्याची कमाल उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणण्यात आली.

समायोजनातून खेळाडू आपल्या समकालीनांपेक्षा किती वरचढ होता, एवढेच कळते. ते समकालीन स्वतः किती सामर्थ्यवान होते, हे त्यातून ठरत नाही.

योगायोगाचा वाटा

एका मालिकेचा निकाल हा श्रेष्ठत्वाचा पुरावा नसतो. एखादा संघ प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के असली, तरी सात सामन्यांची मालिका तो जिंकेल याची शक्यता सुमारे ६१ टक्केच असते. म्हणजे शंभरांतील सुमारे ३९ मालिका दुबळा संघ जिंकतो.

बिल जेम्स यांच्या ‘लॉग फाइव्ह’ या सूत्राने दोन संघांच्या विजयाच्या टक्केवारीवरून परस्पर सामन्याचा अंदाज बांधता येतो. १९२७ च्या यांकीजने ११० सामने जिंकले व ४४ गमावले. १९९८ च्या यांकीजने ११४ जिंकले व ४८ गमावले. दोन्ही वर्षांच्या लीग तुल्यबळ धरल्यास १९२७ च्या संघाला एका सामन्यात सुमारे ५१ टक्के आणि मालिकेत सुमारे ५३ टक्के संधी मिळते. हा फरक इतका अल्प आहे की एकाच मालिकेवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. प्रत्यक्ष इतिहासही हेच दाखवतो: १९०६ मध्ये शिकागो कब्जने ११६ सामने जिंकून केवळ ३६ गमावले, तरी वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने त्यांचा ४–२ असा पराभव केला.

नोंदींच्या मर्यादा

सर्वांत गंभीर मर्यादा ही नोंदींत कोणाला स्थान मिळाले, याच्याशी निगडित आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरेपर्यंत विसाव्या शतकातील मेजर लीगचे दरवाजे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होते. त्यामुळे १९२७ च्या यांकीजची आकडेवारी ही अनेक समर्थ प्रतिस्पर्ध्यांना वगळून झालेल्या स्पर्धेची आहे. कृष्णवर्णीय खेळाडू ज्या निग्रो लीगमध्ये खेळत, तेथील सामन्यांच्या नोंदी विखुरलेल्या आणि अपुऱ्या राहिल्या. स्ट्रॅट-ओ-मॅटिकने २००९ मध्ये या खेळाडूंची कार्डे काढली. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट केली. त्यानुसार कारकिर्दीतील सर्वोच्च फलंदाजी सरासरी (०.३७२) जॉश गिब्सन यांच्या नावावर नोंदली गेली. खुद्द गिब्सन यांचे निधन जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सन यांच्या पदार्पणापूर्वीच झाले होते.

क्रिकेटमधील समांतर

महाराष्ट्रात शाळकरी मुलांमध्ये प्रचलित असलेला ‘बुक क्रिकेट’ हा या प्रकाराचा साधा नमुना आहे. पुस्तक मध्येच उघडून डावीकडील सम पृष्ठक्रमांकाचा शेवटचा अंक धावा म्हणून मोजतात. शून्य आल्यास फलंदाज बाद होतो आणि ८ चा अर्थ ठिकठिकाणच्या नियमांनुसार बदलतो. कोणत्याही काळातील खेळाडूंचा संघ त्यात निवडता येतो. परंतु बाद होण्याची शक्यता सलामीवीराला आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाला सारखीच, पाचात एक, असते. खेळाडूची नावे खरी असली तरी त्याचे कौशल्य निकालात उतरत नाही.

काळानुरूप समायोजनाची गरज क्रिकेटमध्येही तेवढीच आहे. १९४८–४९ च्या हंगामात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर यांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. त्याच हंगामात पुण्यातच झालेल्या रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात मुंबई (६५१ व ८ बाद ७१४) आणि महाराष्ट्र (४०७ व ६०४) यांनी मिळून २,३७६ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील एका सामन्यातील धावांचा हा उच्चांक आहे. १९५८–५९ ते १९७२–७३ असा सलग पंधरा वेळा करंडक जिंकणारा मुंबईचा संघ आणि २०१७–१८ व २०१८–१९ असा सलग दोनदा तो जिंकणारा विदर्भाचा संघ यांची काल्पनिक मालिका खेळवायची झाल्यास दोन्ही काळांतील खेळपट्ट्या, सामन्यांचे दिवस आणि प्रतिस्पर्धी संघांची ताकद यांचा विचार आधी करावा लागेल.