उडी आधी खाली जाते

महाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पोलादपूरच्या एखाद्या वाडीत बॅले प्रत्यक्ष पाहिलेला माणूस शोधावा लागेल. जाखडी नाच न पाहिलेला शोधणं त्याहून कठीण. बॅलेवरून छोटा ॲनिमेशनपट कसा करतात हे समजून घ्यायला एवढं भांडवल पुरेसं आहे. जाखडीत घुंगरू बांधलेला पाय जमिनीवर आपटतो आणि त्याच क्षणी मृदंगाचा ठोका पडतो. बॅलेत सगळा खटाटोप जमीन सोडण्याचा. तरी दोन्हीकडे मजा येते ती एकाच कारणानं. समोरच्या देहाला वजन आहे, हे पाहणाऱ्याला ठाऊक असतं.

कागदावरच्या रेषेला वजन नसतं. चित्रातली नर्तिका पायाच्या टोकावर तासभर उभी राहिली तरी कुणी टाळी वाजवणार नाही. रूपांतर करणाऱ्याची खरी अडचण इथे आहे. बाकीची कामं कष्टाची, पण शिकून येण्यासारखी.

सुरुवात काटछाटीनं होते. संगीतकार चायकोव्स्कीचा ‘नटक्रॅकर’ हा बॅले 1892 साली सेंट पीटर्सबर्गला पहिल्यांदा झाला. दोन अंक, साधारण दीड तासाचं संगीत. मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म स्टुडिओत बोरिस स्तेपांत्सेव यांनी 1973 साली तो सुमारे 27 मिनिटांत बसवला, तोही एका शब्दाच्या संवादाशिवाय. नायिका घरची लाडकी लेक न ठेवता त्यांनी मोलकरीण केली. केरसुणी घेऊन नाचणारी मुलगी दिसली की ती कोण आणि तिला काय हवंय, हे वेगळं सांगावं लागत नाही. डिस्नेच्या ‘फँटेशिया’नं (1940) याहून मोठं धाडस केलं. संगीत ‘नटक्रॅकर’चं घेतलं आणि नटक्रॅकरलाच बाहेर काढलं! तिथे अळंबी नाचतात, फुलं आणि मासे नाचतात. मला हे रूपांतर जास्त पटतं. रंगमंचाला जे जमत नाही, ते करण्यासाठीच तर चित्राकडे यायचं.

मुंबईत नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांनी लिटल बॅले ट्रूपसाठी ‘रामायण’ बसवलं, त्याचं उदाहरण घ्या. त्यात जिवंत नर्तक लाकडी कळसूत्री बाहुल्यांसारखे हलत. हा बॅले ॲनिमेशनला अगदी तयार आहे असं कुणालाही वाटेल. माझ्या मते तो सगळ्यात अवघड आहे. माणसं बाहुल्या होतात, यात अचंबा होता. चित्रातली बाहुली बाहुलीसारखी हलली तर त्यात विशेष ते काय?

गोष्ट ठरली की संगीत मोजायला घेतात. नृत्यदिग्दर्शक पेतिपा यांनी ‘नटक्रॅकर’साठी कोणत्या प्रसंगाला संगीताची किती आवर्तनं हवीत, हे चायकोव्स्कीला लिहूनच दिलं होतं. ॲनिमेशनवाले हाच हिशेब फ्रेममध्ये मांडतात. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत एक ठोका दर 12 फ्रेमला येतो. तीन ठोक्यांचा वॉल्ट्झ मिनिटाला 180 ठोक्यांनी चालला, तर ठोका 8 फ्रेमचा आणि आवर्तन बरोबर एका सेकंदाचं. हे सगळं एक्स्पोजर शीटवर, म्हणजे फ्रेमवार तक्त्यावर उतरतं. श्रम वाचवायला बहुतेकदा एक चित्र दोन फ्रेम दाखवतात. तरी 6 मिनिटांच्या फिल्मला 4,320 चित्रं होतात, आणि तीही एकाच पात्राची. म्हणून आधी स्टोरीबोर्ड करायचा, ती कच्ची चित्रं संगीतावर लावून ॲनिमॅटिक पाहायचं. ते कंटाळवाणं वाटलं तर तिथेच थांबून दुरुस्त करावं. रंग भरल्यानं ते सुधारत नाही.

आता वजन. नवखा चित्रकार उडी काढायला बसला की आधी हवेतलं चित्र काढतो. जाणता आधी गुडघे वाकवतो. बॅलेत या वाकण्याला प्लीए म्हणतात. देह खाली दबतो, मग ताणला जाऊन सुटतो. उडीच्या माथ्याशी चित्रं अगदी जवळजवळ, म्हणून तिथे नर्तिका रेंगाळल्यासारखी वाटते. खाली येताना चित्रांमधलं अंतर वाढत जातं. पाय टेकल्यावर गुडघे पुन्हा वाकतात, आणि झग्याचा घेर एक-दोन चित्रं उशिरा खाली येतो. हा उशीर विसरला की नर्तिका कागदी दिसते. जाखडीतला ठोका टेकणाऱ्या पायाचा असतो. बॅलेत तो कित्येकदा उडीच्या माथ्यावर पडतो. तो नेमका कुठे घ्यायचा, हे शीटवर आधी लिहावं लागतं.

मग खऱ्या नर्तिकेचं चित्रीकरण करून थेट गिरवावं की! मॅक्स फ्लायशर यांना 1917 साली पेटंट मिळालेलं रोटोस्कोप याच कामाचं. पण जसंच्या तसं गिरवलं की वजन गळतं आणि आकृती तरंगते. डिस्नेच्या चित्रकारांनीही नर्तिकांचं चित्रीकरण केलं, पण गिरवण्यापेक्षा अभ्यासासाठी; हालचाल मुद्दाम वाढवून काढली. ‘फँटेशिया’तल्या ‘डान्स ऑफ द अवर्स’मध्ये तर बॅलेचा झगा पाणघोडीलाच घातला. प्रत्येक पावलाला तिचा भार जाणवतो, म्हणून तिची गिरकी खरी वाटते आणि हसूही येतं.

ही विद्या आपल्यापासून फार लांब नाही. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स 1956 साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये शिकवायला आले. राम मोहन यांच्यासारखे चित्रकार तिथे घडले.

करून पाहायचं असेल तर बॅलेच हवा असं नाही. येत्या गौरी-गणपतीत जाखडीचा एक फेर फोन स्टँडवर ठेवून, एकाच जागेवरून टिपा. मग तो वरून पाहिल्यासारखा काढा. मध्ये गाणारे आणि मृदंग, भोवती फेर. एकाच नाचणाऱ्याची चित्रं फिरवून सगळ्यांना वापरता येतात, आणि अंगणात बसलेल्याला हा फेर असा कधीच दिसत नाही. मात्र शाहिराची आणि मंडळाची परवानगी आधी घ्या. बॅलेचं संगीत घ्यायचं, तर चायकोव्स्की 1893 मध्ये गेले, त्यांच्या स्वररचनेवर आज कुणाचा हक्क नाही. पण वाद्यवृंदानं वाजवलेल्या ध्वनिमुद्रणावर भारतात प्रकाशनानंतर 60 वर्षं हक्क असतो. ही चौकशी पहिलं चित्र काढण्याआधी करा.