गिटारचा नाद आणि त्याचा कित्ता

वाद्याचा स्वर ओळखणें निराळें आणि त्याचा नाद ओळखणें निराळें. षड्ज तोच असला तरी तो सनईचा कीं सतारीचा, हें लहान मूलहि डोळे मिटून सांगतें. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानें स्वराचें लक्षण सांगतांना त्याच्या स्निग्धतेस व अनुरणनास महत्त्व दिलें आहे. हें अनुरणन म्हणजेच नादाचा चेहरा होय. विजेच्या गिटारच्या वादकांनीं गेलीं साठसत्तर वर्षें याच चेहऱ्याचा ध्यास घेतला. आणि आतां नामांकित वादकांचा नाद एका लहानशा संगणकयंत्रांतून रंगमंचावर हुबेहूब उमटविण्याची सोय तरुणांच्या हातीं आली आहे. ज्या घरांत असा एखादा नातू अगर पुतण्या आहे, तेथील वडील मंडळींस हा प्रकार नीट समजावा, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

विजेच्या गिटारचें लाकूड स्वतः फारसें बोलत नाहीं. तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. पोलादी तार कंप पावली कीं वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो ध्वनिवर्धकांत मोठा होऊन कर्ण्यावाटे बाहेर पडतो. जुन्या ध्वनिवर्धकांत रेडिओंत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह असत. त्यांच्याकडून शक्तीबाहेर आवाज मागितला म्हणजे ध्वनिलहरींचीं शिखरें चेपलीं जातात, आणि त्यायोगें मूळ स्वराच्या पटींतील नवे स्वर त्यांत मिसळतात. सेकंदास २०० कंपनांच्या स्वराबरोबर ४००, ६००, ८०० कंपनांचेहि स्वर उमटूं लागतात. यंत्रज्ञांच्या दृष्टीनें हा दोष. वादकांनीं त्याचेंच भूषण केलें. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा योग्य जागीं सरकला म्हणजे तार जशी एकदम झंकारूं लागते, तसेंच कांहींसें हें समजावें.

उदाहरणादाखल 'क्वीन' या इंग्लंडांतील वाद्यवृंदाचा गिटारवादक ब्रायन मे याचा नाद घेऊं. (याच वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी बालपणीं आपल्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकला.) मे यानें १९६३ सालीं, सोळा वर्षांचा असतां, वडिलांच्या साह्यानें घरींच गिटार करावयास घेतली. मानेस जुन्या शेकोटीच्या चौकटीचें महोगनी लाकूड, आंत जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा, आणि पडद्यांवरील खुणांसाठीं आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्यांचीं बटणें! तारा छेडावयास नखी नव्हे, तर सहा पेन्सचें जुनें नाणें. गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्यामध्यें तार स्वरांस जोर देणारें एक छोटें उपकरण. आणि शेवटीं पूर्ण आवाजावर ठेवलेला 'व्हॉक्स एसी ३०' हा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक. गिटारवरील आवाजाची कळ किंचित् खालीं आणली कीं नाद निवळतो, वर नेली कीं गाऊं लागतो. १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' गीतांत ऐकूं येतो तो हाच नाद. पुढें २००७ सालीं याच गृहस्थानें खगोलभौतिकींत पीएच. डी. ही पदवी मिळविली, हेंहि येथें सांगण्यासारखें आहे.

आतां हा ध्वनिवर्धक सुमारें तीस किलो वजनाचा, आणि पूर्ण आवाजावर ठेवला तर वाड्यांतील भिंती हादरविणारा. म्हणून नकलयंत्रें जन्मास आलीं. अमेरिकेंतील लाइन सिक्स कंपनीचें 'पॉड' १९९८ सालीं निघालें; फ्रॅक्टल कंपनीचें 'ॲक्स-एफएक्स' २००६ सालीं; आणि जर्मनींतील केम्पर कंपनीचें यंत्र २०११ सालीं. ध्वनिलहरीचीं सेकंदास हजारों मापें घेऊन, प्रत्येक मापास मूळ ध्वनिवर्धकानें काय केलें असतें याचें गणित हीं यंत्रें करतात. केम्परची रीत निराळी: खऱ्या ध्वनिवर्धकांत परीक्षेचे आवाज सोडून त्याचीं उत्तरें यंत्र टिपून घेतें. कर्ण्याची नक्कल तर आमच्या भगिनींस तत्काळ कळेल. बाजारांत मडकें घेतांना टिचकी मारून त्याचा आवाज पारखतात ना? तशीच क्षणिक टिचकी कर्ण्यास मारून त्याचा जो प्रतिसाद नोंदवितात, तोच पुढें प्रत्येक स्वरास लावतात. या गणितास सेकंदाचे कांहीं सहस्रांश लागतात. परंतु तीन सहस्रांशांत ध्वनि सुमारें एक मीटरच जातो, तेव्हां कर्ण्यापासून एक पाऊल मागें सरकल्याइतकाच तो विलंब.

मात्र घरीं साधलेला नाद रंगमंचावर साधेलच असें नाहीं. पहिलें कारण आपला कान. फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं, आवाज लहान असतां खर्जांतील स्वर कानास फार कमी ऐकूं येतात. आवाज वाढला कीं ते वर येतात. त्यामुळें निजानीज झाल्यावर मंद आवाजांत जो नाद भरदार वाटतो, तोच सभागृहांत घुमूं लागतो, आणि घरीं गोड वाटलेली तार टोकाची धारहि तेथें टोंचते. म्हणून कार्यक्रमाच्या आवाजांतच एकवार नाद बसवावा. दुसरें, ८० ते १०० कंपनांखालील भाग बास गिटारकरितां सोडून द्यावा व मधल्या स्वरांस उठाव द्यावा. तिसरें, यंत्र खऱ्या गिटारच्या कर्ण्यास जोडावयाचें असल्यास यंत्रांतील कर्ण्याची नक्कल बंद करावी. नाहीं तर मडक्यांत मडकें घातल्यासारखा आवाज कोंडतो. चौथें, ध्वनिमुद्रिकेंतील सर्वच नाद एका हातानें उमटविण्याचा हट्ट धरूं नये. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या मधल्या भागांत कंठांवर कंठ रचलेले आहेत. तो भाग आला कीं क्वीनची मंडळी स्वतः मंचावरून आंत जात व मुद्रित आवाज लावीत.

येथें खरा प्रश्न उभा राहतो. बोट टेकतांच शेंकडों थोरांचे नाद हजर होत असतील, तर तरुणाचा स्वतःचा नाद कधीं जन्मावा? आम्ही शिक्षकी पेशांत असतां मुलांकडून कित्ता गिरवून घेत असूं. कित्ता परक्याचा, पण गिरवितां गिरवितां हात तयार होई, आणि कांहीं वर्षांनीं प्रत्येकाचें वळण निराळें दिसे. ज्यानें कित्ता नुसता चाळला, त्यास वळण लाभलें नाहीं. हें यंत्र म्हणजे उत्तम कित्ता आहे. जुना ध्वनिवर्धक विकत घेणें ज्या घरास परवडणें शक्य नाहीं, तेथील मुलासहि तो मिळतो, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तयार नाद चाळीत रात्री घालविणें म्हणजे गिरविणें नव्हे.

म्हणून मुलांस आमची सूचना अशी कीं, प्रथम यंत्रांतील एकच ध्वनिवर्धक घ्यावा, इतर सर्व उपकरणें बंद ठेवावीं, आणि गिटारवरील एका कळीनें व बोटांच्या दाबानें किती रंग निघतात तें महिनाभर पाहावें. मग एकेक उपकरण जोडावें, आणि त्यानें काय बदललें तें सांगतां आल्याखेरीज दुसरें जोडूं नये. वडील मंडळींसहि एक विनंती: हा सारा गोंगाट आहे असें म्हणण्यापूर्वीं मुलाजवळ बसून एकदां विचारावें, "बाळ, यांतलें तुझें कोणतें?" या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांतच त्याचें खरें शिक्षण आहे.