कात्रीतून सुटलेली पाकिटे

हवाई बेटांवर 1851 च्या ऑक्टोबरमध्ये पहिली टपाल तिकिटे विकायला आली, तेव्हा आशिया खंडातले पहिले टपाल तिकीट अजून निघायचे होते. मुंबई इलाख्यातल्या सिंध प्रांताचे ‘सिंध डाक’ तिकीट जुलै 1852 मध्ये निघाले. प्रशांत महासागराच्या मध्यावरचे एक लहानसे स्वतंत्र राज्य या बाबतीत त्याच्या नऊ महिने पुढे होते. ते राज्य 1893 मध्ये उलथले गेले, पण त्याच्या टपालामागे लागलेले संग्राहक आजही थकलेले नाहीत. त्यांच्या जवळजवळ दीडशे वर्षांच्या धडपडीकडे मागे वळून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. एका पिढीने जे कापून फेकले, त्यासाठीच पुढच्या पिढीने तिजोऱ्या मोकळ्या केल्या.

सुरुवात तिकिटांच्याही आधीची आहे. बोस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेची माणसे 1820 मध्ये हवाईला उतरली. याच संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट त्याआधी, 1813 मध्ये, मुंबईत आले होते. ‘अमेरिकन मराठी मिशन’ उभे राहिले ते त्यातूनच, आणि 1842 मध्ये अहमदनगरला सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ही त्याच झाडाची फांदी. हवाईहून निघालेले पत्र जहाजाने दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून पाच-सहा महिन्यांनी बोस्टनला पोहोचे. उत्तर हाती यायला वर्ष उलटे. टपाल कचेरी नव्हती. होनोलुलूत किंवा लहायनात नांगर टाकलेल्या व्यापारी जहाजाच्या, नाहीतर देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या गलबताच्या कप्तानाच्या हाती पत्र सोपवायचे आणि वाट पाहायची. काही व्यापारी पेढ्या लोकांची पत्रे पुढे पाठवत आणि त्यांवर आपला शिक्का उठवत. पाकीट नसे, कागदाचीच घडी घालून लाखेने बंद करायची आणि मागे पत्ता लिहायचा.

कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि हे चित्र पालटले. सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकेचे टपाल आले, जहाजांची ये-जा वाढली. 1850 च्या अखेरीस हवाई सरकारने होनोलुलूत टपाल कचेरी काढली आणि हेन्री व्हिटनी यांना पोस्टमास्तर नेमले. मिशनरी घरात, हवाईतच जन्मलेला हा माणूस पेशाने मुद्रक होता. पहिली तिकिटे त्यांनी सरकारी वृत्तपत्राच्या छापखान्यातच काढली. खिळे जुळवून, भोवती नक्षीची चौकट बसवून, निळ्या शाईत, पातळ कागदावर. किमती तीन: 2, 5 आणि 13 सेंट. दोन सेंटचे तिकीट वर्तमानपत्रांसाठी आणि छापील मजकुरासाठी. तेरा सेंटांत मात्र सारा प्रवास मावलेला होता: पाच हवाईच्या टपालाचे, दोन जहाजाच्या कप्तानाचे आणि सहा अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचे. दोन देशांचे टपाल एकाच तिकिटात आधी भरून टाकण्याची ही सोय त्या काळी विरळच होती.

ही तिकिटे पुढे बहुतेक मिशनऱ्यांच्या पत्रांवर सापडली, म्हणून संग्राहकांनी त्यांना ‘मिशनरी’ हेच नाव दिले. 1860 नंतर युरोप-अमेरिकेत तिकिटे जमवण्याचे वेड पसरले तेव्हा रीत एकच होती. पत्रावरचे तिकीट कात्रीने कापायचे, पाण्यात भिजवून सोडवायचे आणि वहीत चिकटवायचे. पत्र कचऱ्यात जायचे. पातळ कागदाला हा संस्कार झेपला नाही. दोन सेंटचे मिशनरी तिकीट आज जेमतेम सोळाच्या आसपास उरले आहे आणि त्यांतल्या बहुतेकांवर डागडुजी आहे. वर्तमानपत्राचे वेष्टन कोण जपून ठेवणार? ते फाडण्यासाठीच असते.

असे तिकीट मूळ पाकिटावर टिकल्याचे एकच उदाहरण ठाऊक आहे. ऑक्टोबर 1852 मध्ये होनोलुलूहून न्यूयॉर्कच्या मिस डॉसन यांना ते पाठवलेले होते. त्यावर हवाईची 2 आणि 5 सेंटची तिकिटे आहेत आणि सोबत अमेरिकेचीही. कधीतरी जुन्या पत्रांचा एक गठ्ठा एका कारखान्याच्या भट्टीत कोंबला गेला. तो इतका घट्ट बसला की आग विझली. 1905 मध्ये तो हाती लागला, तेव्हा या पाकिटाची एक कड तेवढी होरपळली होती. 1995 च्या लिलावात त्याला सुमारे 20 लाख डॉलर मिळाले. एवढी किंमत येण्याचे कारण एकट्या तिकिटात नाही. पत्ता, तारखेचा शिक्का, दोन्ही देशांची तिकिटे, सगळे एकत्र राहिल्याने या पाकिटावर तिकिटाचे काम दिसते.

किमती चढल्या तशा कहाण्याही वाढल्या. पॅरिसमध्ये गॅस्टन लेरू नावाच्या संग्राहकाचा 1892 मध्ये एका मिशनरी तिकिटासाठी खून झाला, ही त्यांतली सर्वांत गाजलेली. सांगतात सगळे, पण तिला आधार देणारा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. दुसरी कहाणी मात्र पूर्ण नोंदलेली आहे. 1918 नंतर कॅलिफोर्नियातले शिक्षक जॉर्ज ग्रिनेल यांच्याकडे अचानक डझनावारी मिशनरी तिकिटे निघाली. त्यांतली चाळीसहून अधिक एका व्यापाऱ्याने 65,000 डॉलरला घेतली. प्रकरण कोर्टात गेले आणि 1922 मध्ये ती बनावट ठरली. वाद तरीही मिटला नाही. 2004 मध्ये लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञांनीही तोच निकाल दिला. अस्सल मिशनरी तिकिटे सुट्या खिळ्यांनी छापलेली होती. ग्रिनेलची तिकिटे वेगळ्या, फोटोच्या मदतीने केलेल्या ठशांवरून काढलेली निघाली. व्हिटनींच्या जुळाऱ्याच्या हातची अक्षरे ओळखायला दीडशे वर्षांनी लोक भिंग घेऊन बसले होते.

पुढची तिकिटे ही राजघराण्याची चित्रगॅलरीच आहे. 1853 मध्ये तिसरा कामेहामेहा बोस्टनमध्ये कोरून छापला गेला. 1859 मध्ये एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणाऱ्या पत्रांनाही दर लागला, तेव्हा व्हिटनींच्या धर्तीवर साधी अंकांची तिकिटे पुन्हा होनोलुलूतच छापली गेली. त्यांचे साचे दहा-दहा तिकिटांचे होते. प्रत्येक जागेच्या अक्षरांत थोडा फरक असल्यामुळे एकेक तिकीट साच्यात कुठे होते, हे ठरवण्यात संग्राहकांनी आयुष्ये घालवली. 1864 पासून न्यूयॉर्कमध्ये छापलेली देखणी तिकिटे आली: राजकन्या व्हिक्टोरिया, पाचवा कामेहामेहा, राजा कलाकाउआ, राणी कपिओलानी. संग्राहकांची हाव टपालखात्यानेही ओळखली. जुन्या तिकिटांची पुनर्मुद्रणे काढून त्यांना विकली गेली.

याच कलाकाउआ राजाने 1881 मध्ये जगप्रवास केला. सयाम, ब्रह्मदेश असे करत तो कलकत्त्याला आला, तिथून रेल्वेने मुंबईला आणि मुंबईहून बोटीने सुएझकडे गेला. टोकियोपासून लंडनपर्यंत त्याने घरी लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. 1 जानेवारी 1882 रोजी हवाई जागतिक टपाल संघाचे सदस्य झाले. राजाचा प्रवास आणि हे सदस्यत्व यांमागे एक समान हेतू होता. आपण कुणाचा मुलूख नाही, जगाच्या पंगतीत स्वतःच्या पाटावर बसणारे राज्य आहोत, हे दाखवायचे होते.

ते फार काळ चालले नाही. जानेवारी 1893 मध्ये साखरेच्या मळेवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या गटाने, अमेरिकी नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, राणी लिलिउओकलानीला पदच्युत केले. नवी तिकिटे तयार नव्हती. म्हणून शिल्लक तिकिटांवरच ‘प्रोव्हिजनल गव्हर्नमेंट 1893’ अशी लाल किंवा काळी अक्षरे छापून ती चालवली. राणीच्या चेहऱ्यावरून तिच्या सत्तेचा शेवट असा छापला गेला. संग्राहक मात्र टिंब कुठे गळले, छपाई दोनदा कुठे पडली, हेच शोधत राहिले. 1894 मध्ये प्रजासत्ताकाची तिकिटे आली आणि त्यांतल्या एकावर अध्यक्ष डोल यांचा चेहरा होता. 1898 मध्ये अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली, आणि 14 जून 1900 पासून तिथे फक्त अमेरिकेची तिकिटे चालू लागली.

व्हिटनींनी 1856 मध्ये काढलेले वृत्तपत्र पुढे ‘होनोलुलू ॲडव्हर्टायझर’ झाले. विसाव्या शतकात हवाईच्या टपालाचा सर्वांत नामांकित संग्रह याच वृत्तपत्राच्या नावाने ओळखला गेला. तो उभा करणारे मालक थर्स्टन ट्विग-स्मिथ हे 1893 च्या उठावातले पुढारी लॉरिन थर्स्टन यांचे नातू. 1995 मध्ये हा संग्रह लिलावात निघाला आणि डॉसन पाकीट त्यातूनच विकले गेले. ज्यांच्या आजोबांनी राज्य उलथवले, त्यांनीच त्या राज्याचे कागद एकेक करून गोळा केले. यात प्रायश्चित्त शोधायची गरज नाही. संग्राहकाला इतिहासाची बाजू घ्यावीच लागते असे नाही. पण पाकिटे एकत्र आली की ती घेणाऱ्याच्या बाजूनेच बोलतील, असेही नाही.

या काळात नजर सरकत गेली. आधी तिकीट, मग पूर्ण पाकीट, मग शिक्के. ‘होनोलुलू, यू.एस. पोस्टेज पेड’ हा लाल गोल शिक्का, सॅन फ्रान्सिस्कोत उठलेला ‘शिप’, मधल्या तारखा. त्यांवरून पत्र कोणत्या जहाजाने गेले, कुठे किती दिवस अडकले, हे आज मांडता येते. आता पाळी आतल्या मजकुराची आहे. होनोलुलूच्या हवाईयन मिशन हाउसेसने तिथल्या सरदार घराण्यांची, बरीचशी हवाईयन भाषेत लिहिलेली पत्रे संगणकावर खुली केली आहेत. ज्यांच्या नावाने तिकिटे निघाली, त्या माणसांचे शब्द संग्रहांच्या वह्यांत आजवर जवळजवळ नव्हतेच.

अमेरिकन बोर्डाचे दफ्तर हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. हवाईची आणि अहमदनगरची पत्रे तिथे एकाच संस्थेच्या कागदांत आहेत. त्यांतली सुरुवातीची पत्रे तिकिटांच्या काळाआधीची. कापण्याजोगे त्यांच्यावर काही नव्हतेच. तिकिटांच्या बाजारात तेव्हा किंमत नसलेला हा कागद म्हणूनच अखंड राहिला, आणि हवाईचा टपाल इतिहास लिहायचा तर पहिले प्रकरण लाखो डॉलरच्या पाकिटावरून नव्हे, या बिनतिकिटाच्या पत्रांवरून लिहावे लागते.