तिसरी चावी

श्रावणातला रविवार, सकाळचे साडेनऊ. ठाकुर्ली पूर्वेला, नव्वद फुटी रस्त्यालगतच्या आमच्या इमारतीत मी अकराव्या मजल्यावर एका दाराशी झटतोय. कुलूप निघालंय, पण पावसानं दार फुगलंय. शेवटी खांदा लावतो.

आत कोंदट वास. आधी न्हाणीघर. जाळीखालचं पाणी आटलं की झुरळं वर येतात, म्हणून बादलीभर पाणी ओततो. मग एकेक नळ सोडतो. नळ आधी खाकरतो, मग चहाच्या रंगाचं पाणी, मग स्वच्छ. बुटांच्या कपाटात लग्नातले काळे बूट पांढरे पडलेत. बुरशी. फडक्यानं पुसून खोबरेलाचा हात फिरवत असतानाच फोन वाजतो.

"काका, उघडलंत का?"

सिंगापुरात बारा वाजून गेलेत. या घराचा मालक तिथे ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत, बाल्कनीत उभा आहे. खाली पोहण्याचा निळाशार तलाव, आणि त्यात एकही माणूस नाही. पलीकडे समुद्रात नांगर टाकलेली जहाजं, कल्याण यार्डात वाघिणी उभ्या असाव्यात तशी. मी तसं म्हणतो, तो हसतो. पण त्या देखण्या बाल्कनीत ओला टॉवेल वाळत घालायची सोय नाही. कठड्यावर दिसला की मॅनेजमेंटचं पत्र येतं.

"एखादं घर घेऊन टाक की तिथे," मी दर वेळचंच बोलतो.

"काका, साठ टक्के!"

एप्रिल 2023 पासून परदेशी माणसानं तिथे घर घेतलं, की नेहमीच्या मुद्रांक शुल्कावर आणखी साठ टक्के. म्हणजे कोटीच्या घरामागे साठ लाख सरकारला वेगळे. आपल्याकडे सात टक्के भरताना जीव वर येतो. म्हणून तो भाड्यानं राहतो. करार दोन वर्षांचा, आणि त्यात एक कलम, 'डिप्लोमॅटिक क्लॉज'. नाव राजदूताला शोभेल असं, अर्थ साधा: वर्षानंतर नोकरी गेली किंवा बदली झाली, तर दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर सोडता येतं. नोकरी गेली की कामाचा पासही जातो. मग आवराआवरीला साधारण तीस दिवस. एवढ्या झकपक वस्तीत माणूस राहतो तो असा, एक पाय दाराबाहेर ठेवून.

मागून त्याची बायको ओरडते, "काकांना सांगा, मी दार लावून फोडणी देतेय!" घर शोधताना जाहिरातींत 'हेवी कुकिंग चालणार नाही' असं वाचून ती हबकली होती. हेवी म्हणजे नेमकं कोणाचं, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तो तिथे परका साहेब. तसा परका साहेब ठाकुर्लीला नवा नाही. 1929 च्या सुमारास जीआयपी रेल्वेनं आगगाड्यांना वीज पुरवायला इथे चोळे पॉवर हाऊस उभारलं. याचे आजोबा तिथे बॉयलरवर. साहेबाच्या बंगल्याबद्दल ते एवढंच सांगत: बाग मोठी, पण फाटकातून आत जायची सोय नाही. साहेबाला बाजारभाव ठाऊक नसे. नातवालाही ईस्ट कोस्टला शेजाऱ्याचं नाव ठाऊक नाही. लिफ्टमध्ये हॅलो होतं, बस.

"एजंट पुन्हा विचारत होता," मी सांगतो. "भाड्यानं द्यायचं का?"

तो थोडा वेळ गप्प राहतो. "राहू दे, काका. गणपतीला बघू."

मागच्या वर्षीही हेच. मी विषय वाढवत नाही. तेवढ्यात खालून फास्ट धडधडत जाते, ठाकुर्लीला न थांबता, आणि काचा थरथरतात.

"दहाला पाच कमी असतील," तो म्हणतो.

मी घड्याळ बघतो. दहा वाजून सात मिनिटं झालीत. सांगत नाही.

नळ बंद करतो, पंखा बंद करतो, बूट कपाटात. दार ओढतो तर लागत नाही, पुन्हा खांदा. त्या आवाजानं समोरच्या आजी दार किलकिलं करतात.

"आले का ते?"

"नाही हो. मीच."

"बरं," म्हणत त्या दार लावून घेतात. त्यांचं एका झटक्यात लागतं. रोजच्या वापरातलं आहे. मी खिशातला जुडगा चाचपतो. अजून दोन चाव्या बाकी आहेत, आणि पुढचं घर चौदाव्या मजल्यावर, दुबईवाल्यांचं.