संडासाचे पाणी घरात आले तर

नदीचे पाणी घरात शिरते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण घरातल्या संडासातून घाण पाणी उलटे वर येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्याच्या घरी एकदा आले, तो मात्र जन्मात विसरत नाही. आमच्या घरी आले होते. म्हणून हा धडा लिहितो आहे.

आमचे घर पेणला, सखल आळीत. आषाढ अमावास्येचा दिवस होता. दोन दिवस पाऊस ठरत नव्हता. सकाळी हिने मला हाक मारली, "अहो, इकडे या बघू. संडासात गुडगुड वाजतंय." मी पाहिले, भांड्यातले पाणी वर चढत होते. तासाभरात ते उंबऱ्यावरून मागच्या पडवीत आले. रंग काळा, आणि वास काय सांगावा!

असे का होते, ते आधी समजून घेऊ. आपल्या पेण-रोह्याकडे पुष्कळ घरांच्या संडासाला जमिनीत टाकी असते. टाकीत मैला जातो. जड गाळ तळाशी बसतो. तेलकट साय वर तरंगते. मधले पाणी पुढच्या नळीने शोषखड्ड्यात जाते आणि तिथून जमिनीत मुरते. आता विचार करा. जमीनच पाण्याने तुडुंब भरली, तर खड्डा कुठे मुरवणार? खड्डा भरला की टाकी भरते. टाकी भरली की पाणी परत फिरते आणि घरातल्या सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर पडते. ते तोंड म्हणजे बहुधा संडासाचे भांडे, नाहीतर न्हाणीची मोरी.

त्यात आपली खाडी. पेणच्या भोगावतीचे पाणी धरमतरच्या खाडीकडे जाते. रोह्याच्या कुंडलिकेचे रेवदंड्याच्या खाडीला मिळते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते. वरून पावसाचे पाणी येते, खालून समुद्राचे. मग गावातली गटारे तुंबतात. भरती उतरली की तीच गटारे वाहू लागतात. म्हणून आपल्याकडचे जुने लोक पाऊस मोठा असला की पंचांगात तिथी पाहतात. ती काही भाबडी समजूत नव्हे.

आता आमच्या घरची गोष्ट पुढे सांगतो. ती सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो.

पाणी आले तेव्हा मी घाबरलो. एका ओळखीच्या माणसाला निरोप धाडला. तो दुपारी आला. बरोबर एक तरुण मुलगा होता. त्यांच्याकडे एक दोर, दोन बादल्या आणि एक पहार. तो म्हणाला, "गुर्जी, गाडीची वाट बघत बसाल तर चार दिवस जातील. झाकण काढतो, ह्याला खाली उतरवतो. तासाभरात काम फत्ते. फक्त ह्याला आधी थोडी प्यायला लागेल, तेवढे पैसे द्या."

मी खिशात हात घातला. चाळीस वर्षे शाळेत स्वच्छता आणि समता शिकवली, आणि खिशात हात घातला! तेवढ्यात ही दारातून म्हणाली, "ह्या पोराला उतरवायचा असेल तर आधी तुम्ही उतरा. मग मी काही बोलणार नाही."

मी हात बाहेर काढला. त्या दोघांना चहा दिला, येण्याजाण्याचे पैसे दिले आणि परत पाठवले. तो मुलगा जाताना माझ्याकडे पाहून हसला. त्याला सुटल्यासारखे वाटले, की बुडालेल्या मजुरीचे वाईट वाटले, ते मला अजून कळलेले नाही.

टाकीत उतरणे म्हणजे काय, ते ऐका. मैला कुजतो तेव्हा विषारी वायू तयार होतात. एकाला हायड्रोजन सल्फाइड म्हणतात. थोडा असला तर सडक्या अंड्यांसारखा वास येतो. जास्त झाला तर नाकाची वास ओळखण्याची शक्तीच मरते. माणसाला वाटते, वास गेला, आता भीती नाही. दोन श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. एकाच टाकीत एकामागून एक तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो, त्या अशाच घडतात. दुसरा वायू मिथेन. तो पेट घेतो. म्हणून झाकण उघडून आत काडी पेटवून पाहू नये. दारू प्यायल्याने यातला कोणताही वायू टळत नाही. वासाची किळस तेवढी कमी होते.

कायदाही स्पष्ट आहे. २०१३ साली केंद्र सरकारने कायदा केला. कोणालाही हाताने मैला साफ करायला लावणे आणि संरक्षणाच्या साधनांवाचून गटारात किंवा टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. असे खाली उतरवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नगरपालिकेने उतरवले तरी गुन्हा, घरमालकाने उतरवले तरी गुन्हा. असा माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना तीस लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या ऑक्टोबरात सांगितले. त्याआधी, २०१४ च्या निकालात, दहा लाख सांगितले होते.

आपल्या पेण तालुक्यातले गागोदे हे विनोबा भाव्यांचे जन्मगाव. १९४६ च्या सुमारास विनोबा पवनारजवळच्या सुरगावला रोज फावडे खांद्यावर घेऊन मैला साफ करायला जात. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन यांनीही हे काम स्वतःच्या हाताने केले. ही माणसे मोठी होती, कारण जे काम दुसऱ्याच्या माथी मारले होते ते त्यांनी आपल्या हातात घेतले. मी उलटे करायला निघालो होतो.

मग आम्ही काय केले? पहिल्याने विजेचा मुख्य खटका बंद केला. हे अगदी पहिले काम. ओल्या पायांनी, पाण्यात उभे राहून खटक्याला हात लावू नये. खटक्यापर्यंत पाणी आले असेल तर वीज कंपनीच्या माणसाला बोलवावे. घरातले नळ बंद केले. आपण मोरीत जितके पाणी सोडू, तितके संडासातून वर येणार. पोत्यात वाळू भरून ते पोते प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून भांड्यावर दाबून ठेवले. नातवंडांना वरच्या आळीत शेजाऱ्यांकडे पाठवले. चार दिवस आम्ही त्यांचाच संडास वापरला. संकोच वाटला खरा.

गाडीसाठी नगरपालिकेत नाव नोंदवले. गाडीचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन पाहून गेला. म्हणाला, "आज उपसू नका. जमिनीत पाणी भरलंय. आत्ता टाकी रिकामी केली तर बाहेरच्या दाबानं भिंत आत यायची. पाणी उतरू द्या." हे मला ठाऊक नव्हते. तुम्हीही ध्यानात ठेवा. पूर ओसरल्यावर, जमीन निवळल्यावर टाकी उपसावी. तीही बाहेरून, पंपाने आणि नळीने. माणूस वरच उभा राहील. त्याच्या पायात रबरी बूट, हातात मोजे, तोंडावर पट्टी आहे की नाही ते आपण पाहावे. मैला कुठे नेऊन टाकणार, तेही विचारावे. खाडीत किंवा ओढ्यात सोडणार असेल तर ती सफाई नव्हे. तुमची घाण फक्त दुसऱ्याच्या दारात गेली.

आता घराची सफाई. मुंबईत ह्या कामाच्या कंपन्या आहेत. त्यांची माणसे बूट-मोजे घालून, यंत्रे घेऊन येतात. आपल्याकडे बहुधा घरच्यांनाच करावे लागते. पण ती माणसे ज्या क्रमाने काम करतात, तोच क्रम आपण धरावा. आधी घाण काढायची, मग साबणाने धुवायचे, मग जंतू मारायचे आणि शेवटी वाळवायचे. पुष्कळ लोक पहिल्यापासूनच औषध ओततात. चिखलावर औषध ओतले तर चिखलच ते खाऊन टाकतो, जंतूपर्यंत पोचत नाही.

गाळ फावड्याने काढावा. अंगावर पूर्ण कपडे, पायात गमबूट, हातात रबरी मोजे हवेत. पायाला जखम असेल त्याने ह्या कामात पडूच नये. भिंतीवर पाण्याची रेघ दिसते. त्या रेघेच्या वर वीतभर भिंत साबणाने घासावी. फरशी दोनदा धुवावी. शेणाने सारवलेली जमीन असेल तर ती धुता येत नाही. वरचा भिजलेला थर खरवडून काढावा, खालची माती वाळू द्यावी, मग नवी माती घालून चोपावी.

धुऊन झाल्यावर ब्लीचिंग पावडर, जिला ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणतात. दहा लिटरच्या बादलीला दीडशे ग्रॅम. पावडर ताजी असावी. पिशवी उघडी राहिली तर तिचा जोर उडून जातो. पाणी ढवळून निवळू द्यावे, फरशीवर पसरावे आणि अर्धा तास तसेच ठेवावे. मग साध्या पाण्याने धुवावे. दारे-खिडक्या उघड्या असाव्यात. फिनेलचा वास छान येतो, म्हणून लोक फिनेलवरच भागवतात. वास झाकला म्हणजे जंतू मेले असे नाही.

आणि एक गोष्ट नीट ऐका. ब्लीचिंग पावडरीत अ‍ॅसिड मिसळू नका. माझा भाचा रोह्याला अष्टमीत राहतो. त्याच्याकडेही असेच पाणी आले होते. त्याने पावडरीच्या पाण्यावर संडास धुण्याचे अ‍ॅसिड ओतले, म्हणजे दुप्पट साफ होईल! त्यातून क्लोरीन वायू निघाला. त्याला इतका खोकला लागला की दवाखान्यात न्यावे लागले. दोन दिवस त्याचा आवाज बसला होता.

सामानाचे काय? भांडी साबणाने घासून उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावीत. कपडे वेगळे धुवावेत, गरम पाण्यात, आणि उन्हात टाकावेत. कापसाची गादी मात्र गेली असे समजा. आमची लग्नातली गादी होती. ही दोन दिवस तिच्याभोवती घुटमळत होती. पण आत गेलेली घाण धुऊन निघत नाही, आणि पावसाळ्यात ऊन तरी कुठून आणणार? भिजलेले धान्य, पीठ, भाजी सगळे टाकावे. तांदूळ धुऊन घेतो, शिजल्यावर काय होते, असे म्हणू नये.

दाराशी विहीर असेल तर तिचे पाणी पिऊ नये. आधी पंपाने उपसावी. मग जलसुरक्षकाला किंवा ग्रामपंचायतीला सांगून टीसीएल टाकून घ्यावी. नेहमीचा हिशेब हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहीर तीन मीटर रुंद आणि पाणी चार मीटर खोल असेल तर सुमारे अठ्ठावीस हजार लिटर पाणी होते. त्याला सत्तर ग्रॅम पावडर लागते. घाण शिरली असेल तर मात्रा वाढवावी लागते, ती आरोग्य केंद्राला विचारावी. तोवर पाणी उकळून प्यावे.

मैल्याच्या पाण्याने हगवण, पटकी, विषमज्वर, कावीळ होते. पुराच्या पाण्यात उंदराचे मूत असते, त्याने लेप्टो होतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर पुष्कळांना झाला. जंतू पायाच्या भेगेतूनही शिरतो. पाण्यात काम केल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर अंगावर काढू नका. डॉक्टरला सांगा की मी मैल्याच्या पाण्यात काम केले आहे. ते सांगितले नाही तर त्याला कसे कळणार? जखम झाली असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

रोहा तालुक्यातल्या नागोठण्याने १९८९ च्या जुलैत अंबा नदीचा मोठा पूर पाहिला. तसा पूर आपल्या हातात नाही. टाकी मात्र आहे. ती तीन वर्षांनी एकदा उपसावी, तीही उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना. गाळाने अर्धी भरलेली टाकी पहिल्याच पावसात उलटते. सखल घर असेल तर नळीवर एकेरी झडप बसवून घ्यावी. तिच्यातून पाणी जाते, परत येत नाही. भाच्याने बसवली आहे.

आमची टाकी पाचव्या दिवशी गाडीने उपसली. गाडीचा माणूस म्हणाला, "मास्तर, किती वर्षांनी उघडली?" मी हिशेब केला, अकरा वर्षे झाली होती. तेव्हापासून मागच्या भिंतीवर रंगाने तारीख लिहून ठेवली आहे, आणि तिच्याखाली पुढच्या उपशाचे साल.