कमोडच्या बुडाशी पाणी

बिरशात आमच्या घरी सासूबाईंच्या गुडघ्यांपायी बसायचं भांडं काढून कमोड आला. गावात 12,000 रुपयांच्या सरकारी मदतीतून झालेली बहुतेक संडासं बसायच्या भांड्याचीच, त्यामुळे कमोड म्हणजे कौतुकच. दुसऱ्याच पावसाळ्यात त्याच्या बुडाशी पाणी दिसू लागलं.

घाईनं मी भोवती पांढरं सिमेंट थापलं. चूक! गळती थांबली नाही, फक्त लपली. वास मात्र आला.

मलाजखंडहून आलेल्या मिस्त्रींनी आधी अँगल कॉक नि नळी कोरड्या कापडानं पुसून पाहिली, कारण वरून ओघळलेलं पाणीही बुडाशीच साचतं. मग म्हणाले, "वहिनी, घरात नीळ आहे?" निळीचं पाणी भांड्यात ओतून फ्लश केलं. भोवती पसरलेल्या वर्तमानपत्रावर निळा डाग उमटला. म्हणजे खालचा जोडच गेला होता. सासूबाई बसताना कमोड किंचित डुलायचा; त्या हलण्यानं जोड सुटला होता.

पाणी बंद करून, उरलेलं उपसून त्यांनी कमोड उचलला. जुनं सिमेंट खरवडलं, फरशी कोरडी केली, नवं रबरी गॅस्केट बसवलं. स्क्रू दोन्हीकडून थोडे थोडे आवळले. जोर केला तर चिनीमाती तडकते. कडेला सिलिकॉन भरलं, पण मागे बोटभर जागा मोकळी सोडली. पुन्हा गळलंच तर तिथून कळेल.

एक दिवस संडास बंद. सासूबाई शेजारी गेल्या, कुरकुरत.